स्मारांदासाठी पाणी

बुधवार, ३१ ऑगस्ट २०२२

काल स्मारांदाला, माझ्या धाकट्या बहिणीला, पुरलं.

बुखारेस्टहून शवपेटी आली तेव्हा गावातले सगळे रस्त्यावर होते. पेटीवर कुणीतरी राष्ट्रीय जलतरण संघाचं जुनं जाकीट घातलं होतं. ते तिचं नव्हतं, मापावरून कळत होतं. मला काही वाटत नव्हतं. आता लिहिताना पुन्हा तपासून पाहिलं. अजूनही वाटत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी बसस्टॉपवर उभी असताना तिच्या मेंदूत रक्तवाहिनी फुटली. वाक्य पूर्ण आहे, बरोबर आहे, पण त्यात मी कुठेच नाही.

फ्लोरेआ मामा आता सहा आठवडे दाढी करणार नाही आणि टोपीही घालणार नाही. घरच्या पुरुषानं करायचं ते. स्मारांदाला नवरा राहिला नव्हता, बाबा तर कधीच गेले, म्हणून मामा. आजच गाल खाजवत बसला होता.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्यापासून पाणी सुरू करायचं."

"कोण नेणार?"

हे काम खरं तर लहान मुलीचं. आमच्या गल्लीत लहान मुलगी उरलेली नाही. वेता मावशीच्या नाती इटलीत आहेत, समोरच्यांची मुलगी स्पेनमध्ये. आई म्हणाली, "मग तूच ने. पंचेचाळिशीची झालीस म्हणून काय झालं! लग्न मोडलेलं, पोर ना बाळ. चालतं."

मी तिला विचारलं, नक्की काय काय करायचं असतं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमानातून आत्ताच उतरले आहे. "सहा आठवडे रोज सकाळी परक्या घरी पाणी द्यायचं. त्यांनी प्यायचं आणि म्हणायचं, 'देव तिला क्षमा करो.' तेवढं म्हटलं की पाणी तिला पोचतं. नाही म्हटलं तर ती वाटेत तहानलेली. मग नदीवर जाऊन नदीला साक्ष ठेवायचं. रसायनशास्त्र शिकलीस आणि एवढं माहीत नाही?"

"कुणाच्या घरी न्यायचं?"

"ओप्रेआच्या."

बावीस वर्षांत मी ओप्रेआ सरांशी, आमच्या पोहण्याच्या प्रशिक्षकांशी, एक शब्द बोललेली नाही. आईला हे माहीत आहे.

"त्याच्या हातानं ती पाण्यात उतरली," आई म्हणाली. "त्यानंच प्यावं."


गुरुवार, १ सप्टेंबर

शेडमध्ये कांद्यांच्या माळांमागे आजीची कावड सापडली. कावडीनंच न्यावं असं आईचं म्हणणं. दोन बादल्या लावल्या. आई पहाटेच थडग्यावर धूप घालायला गेली होती, म्हणून पाणी कुठलं घ्यायचं हे मीच ठरवलं.

टेकडीखालच्या झऱ्याचं पाणी घेतात. पण त्या झऱ्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आहे, आणि वरच्या गोठ्यांमुळे आणखीही बरंच काही. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांपूर्वी त्यावरचा 'पिण्यास अयोग्य' असा पत्रा मीच लावून घेतला होता. पत्रा चोरीला गेला, लोक पितातच. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी स्वतःच्या हातानं ते पाणी पाजावं, हे मला पटेना. अंगणातल्या नळाचं भरलं. ते पाणी मीच तपासते. चोख आहे.

ओप्रेआ सर ओसरीत बसले होते. पाय सुजलेले, पायात रबरी चपला. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"उजवा खांदा खाली पडतोय."

बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"पाणी आणलंय सर. स्मारांदासाठी."

"दिसतंय. गळ्यात पाटी घालून यायची गरज नाही. ठेव."

मी ओसरीतलं छोटं मडकं भरून दिलं. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला. बराच वेळ. मग गिळला आणि उरलेलं सगळं एका दमात प्यायले. मी थांबले. ते काही म्हणाले नाहीत.

"सर, म्हणायचं असतं."

"काय?"

"देव तिला क्षमा करो."

"का? तिनं काय केलंय?" त्यांनी तोंड पुसलं. "जा आता सशा. उद्या ये."

ससा. ते नाव मी विसरले असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "म्हणाला का?" मी म्हटलं, "प्यायला." हे खोटं नाही. पण उत्तरही नाही, हे मला माहीत होतं.


सोमवार, ५ सप्टेंबर

सरावात ससा म्हणजे पुढे पळणारा. मी शेजारच्या पट्ट्यात पहिल्या लांब्या, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जीव तोडून पोहायचे. स्मारांदा माझा पाठलाग करायची आणि शेवटच्या लांबीत मला मागे टाकून निघून जायची. त्यासाठीच मी होते. कुणी फसवलं नव्हतं, सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : "तू चांगली आहेस. ती वेगळी आहे. तू हिला ओढशील." मी ओढलं. ती युरोपचं सुवर्ण घेऊन आली तेव्हा गावात बँड होता, आणि सरांनी मला फक्त एवढंच म्हटलं होतं, "खांदा वर ठेव गं, फोटो काढतायत."

आज टीव्ही वाहिनीचा एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. या उन्हाळ्यात आपल्या सतरा वर्षांच्या पोरानं रोममध्ये शंभर मीटरचा विश्वविक्रम मोडला, तेव्हापासून सगळ्यांना पोहणं आठवलं आहे. जुने पोहणारे शोधून शोधून काढतायत. त्यात एक नुकतीच वारली म्हणजे त्याच्या दृष्टीनं बरंच.

"बहीण म्हणून काय वाटतं तुम्हाला?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी धक्क्यात आहे. त्यानं आदरानं कॅमेरा खाली घेतला. मी धक्क्यात नव्हते. मी प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.


शुक्रवार, ९ सप्टेंबर

सर अजून म्हणत नाहीत. रोज मडकंभर पितात, रोज पहिला घोट तोंडात धरून बसतात, वाईन चाखणाऱ्यासारखा. मग बादल्या बाजूला घेतात. बादलीतलं पाणी कशाला वापरतात ठाऊक नाही. बागेला घालत नाहीत, टोमॅटो सुकलेत.

माणूस पार गबाळा झाला आहे. दाढीचे पांढरे खुंट वाढलेत, डोकं उघडं, शर्टाची कॉलर मळलेली. हेच सर आम्हाला नखं वाढली म्हणून तलावाबाहेर काढायचे. आज राहवलं नाही म्हणून विचारलं, "दाढी का नाही करत?"

"ब्लेड संपल्या."

परतताना वाण्याकडून ब्लेडचं पाकीट घेतलं आणि नेऊन दिलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ते टीव्हीवर ठेवून दिलं.

"तुझ्या डोक्यात काही शिरत नाही, तेव्हाही शिरायचं नाही," म्हणाले. पण रागानं नाही.


मंगळवार, १३ सप्टेंबर

पकडले गेले.

रात्रभर पाऊस होता, दफनभूमीच्या वाटेवर चिखल, म्हणून आई पहाटे गेलीच नाही. ती खिडकीत उभी होती आणि मी नळाखाली बादली धरलेली.

"हे काय करतेस?"

"पाणी भरते."

"रोज हेच नेलंस?"

मी नायट्रेटचं सांगायला लागले. आकडा तोंडपाठ होता. आई पायऱ्या उतरून पावसात आली.

"नळाचं पाणी? माझ्या पोरीला नळाचं पाणी पाजतेस? आयुष्यभर क्लोरीनमध्ये बुडालेली होती ती! केस हिरवे व्हायचे तिचे, उशीला वास यायचा, तिच्या पोळीला वास यायचा! मेल्यावर तरी तिला स्वच्छ पाणी मिळू दे!"

"आई, स्वच्छ तर हेच आहे."

तिनं बादली लाथेनं उलटी केली. ती असं कधी करत नाही. मग खाली बसली, आणि वेता मावशी कुंपणापलीकडून ओरडली, "काय झालं गं? पडलीस का?" आई ओरडून म्हणाली, "नाही! पोरगी शिकलेली आहे!"

झऱ्यावर गेले. झऱ्याचं भरलं. चढावर कावड घसरत होती. पहिल्या दिवसांचं सगळं पाणी वाया गेलं का, याचा विचार करत राहिले. माझा विश्वास नाही या गोष्टींवर. मग वाया गेलं म्हणजे काय गेलं? आणि गेलं नसेल, तर मी इतकी काळजीनं का मोजते आहे? विश्वास नसला तरी कबूल केलेलं काम नीट व्हावं असं वाटतं. बहुधा इतकंच असावं.

सरांनी पहिला घोट घेतला आणि लगेच मडकं खाली ठेवलं.

"हे कुठलं?"

"झऱ्याचं."

"आधीचं आण."


बुधवार, १४ सप्टेंबर

आज पुन्हा झऱ्याचं नेलं. आईनं स्वतः माझ्याबरोबर येऊन भरून दिलं. सरांनी मडकं तोंडाला लावलंच नाही. "तहान नाही," म्हणाले. मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. आत टीव्हीवर तोच रोमचा पोरगा पुन्हा पुन्हा पोहत होता. सरांनी ते चित्रण कुणाकडून तरी भरून घेतलं आहे. आवाज बंद.

"बघ," ते म्हणाले, "पोरगा पाण्याला मारत नाही. पाण्याला विचारतो. तुम्हा सगळ्यांना मी मारायला शिकवलं."

घरी "प्यायला" असंही म्हणता आलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, "उद्या पितील."


मंगळवार, २० सप्टेंबर

गल्लीत सगळीकडे मिरच्या आणि वांगी भाजण्याचा धूर आहे. हिवाळ्याची बेगमी चालू आहे. आईही भाजते. नेहमीइतक्याच बरण्या धुऊन ठेवल्यात. स्मारांदा दरवर्षी अर्ध्या बरण्या न्यायची. एवढ्या बरण्यांचं काय करायचं हे मी विचारलं नाही.

सर आठवडाभर पाण्याला शिवले नव्हते. आज मी सरळ विचारलं, "तुम्हाला काय हवंय सर? नळाचं हवं तर तुमच्या घरीही नळ आहे की."

"माझ्या नळाला तसा वास येत नाही."

"येतो. एकाच टाकीचं पाणी आहे. मात्रा मीच ठरवते."

त्यांनी सुजलेले पाय चपलांतून बाहेर काढले. मग म्हणाले, "तू पहिल्या दिवशी आणलंस ना, तेव्हा आधी वास आला. मग तू दिसलीस, कावड घेऊन, उजवा खांदा पडलेला. मला वाटलं, सकाळची बॅच आली." हसले. दात नाहीत आता. "बारा दिवस मला वाटायचं, आता मागून दुसरीही येईल. तू नेहमी आधी यायचीस, ती उशिरा. केस ओले, तोंडात पोळी."

मी त्यांना सांगितलं की दिवस बारा आणि वास क्लोरीनचा, एवढंच खरं आहे.

"हो गं, शास्त्रज्ञ," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

उत्तर देताना माझा आवाज चढला होता, हे आता लिहिताना लक्षात येतंय. का चढला ते कळत नाही.


शनिवार, २४ सप्टेंबर

एका बादलीत झऱ्याचं पाणी, एका बादलीत नळाचं. आईला झऱ्याची बादली दिसली, सरांना नळाची मिळाली. दोघांनाही फसवलं नाही, कारण दोन्ही बादल्या खरंच स्मारांदाच्या नावानं उचलल्या. असं मी स्वतःला सांगते आहे. सांगावं लागतं आहे, याची नोंद करते.

सर प्यायले. म्हणाले काहीच नाहीत.


गुरुवार, २९ सप्टेंबर

आज भांडण झालं.

आईनं काल रात्री जेवताना विचारलं होतं, "अजून नाही म्हणाला ना? मला माहीत आहे. तू सांगत नाहीस म्हणजे नाहीच म्हणाला." मग म्हणाली, "मला रोज स्वप्नात तिचे ओठ सुकलेले दिसतात." माझी आई स्वप्नं सांगणारी बाई नाही.

म्हणून आज मी मडकं हातात धरूनच उभी राहिले. "आधी म्हणा. मग देते."

"वा! आता तू मला शिकवणार?"

"आईला झोप नाही सर. चार शब्द आहेत."

"'देव तिला क्षमा करो.' म्हणजे गुन्हा तिचा?" ते काठीवर भार देऊन उभे राहिले. "सिडनी ऑलिंपिकच्या आधीच्या हिवाळ्यात तलाव गरम करायला तेल नव्हतं. बर्फासारखं पाणी. ती म्हणाली, सर, खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं होतंय. मी म्हटलं, अजून दोन लांब्या. काय म्हटलं मी?"

"दोन लांब्या."

"तू शेजारच्या पट्ट्यात होतीस. ऐकलंस ना? आणि मग सिडनीत आपल्या पोरींनी सुवर्णं घेतली आणि ही तुमच्या स्वयंपाकघरात हात गळ्यात बांधून टीव्ही बघत बसली. तिनं माझ्यावर कधी एक वाकडा शब्द काढला नाही. दर ईस्टरला रंगवलेली अंडी पाठवायची. आता देवानं *तिला* क्षमा करायची? आणि मी इथे बसून पाणी पीत ते म्हणायचं?"

बावीस वर्षं मी या माणसाशी याच कारणानं बोलले नव्हते. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर म्हणणार होते, शब्द तयार होते, इतक्या वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेले. आज त्यांनीच ते म्हटले.

मी मडकं दिलं. ते प्यायले. निघताना म्हणाले, "खांदा."

मी सरळ केला.


सोमवार, ३ ऑक्टोबर

शनिवारी नदी. आईनं गहू निवडायला घेतला. शिजवून, साखर-अक्रोड घालून, वर क्रूस काढायचा. ती म्हणाली, "ओप्रेआ येईल का?" मी म्हटलं, विचारते. "आणि तिथेही नाही म्हणाला तर?" मी म्हटलं, माहीत नाही.

तिनं निवडलेला गहू पुन्हा ताटात ओतला आणि पुन्हा निवडायला लागली.


शनिवार, ८ ऑक्टोबर

जमेल तसं क्रमानं लिहिते.

सकाळी थंडी होती, ऊन पातळ. फ्लोरेआ मामानं सरांना गाडीतून आणलं. नदीकाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. मामाची दाढी आणि सरांची दाढी सारखीच वाढलेली, दोघं उघड्या डोक्यानं शेजारी. वेता मावशी बघून म्हणाली, "बघा गं, जुळे भाऊ!" बायका हसल्या. आईही हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी दिलेल्या ब्लेड अजून टीव्हीवरच आहेत एवढंच मनात आलं.

फादरनं प्रार्थना म्हटली आणि ते बाजूला झाले. पुढचं काम बायकांचं. वेता मावशीनं अर्ध्या भोपळ्याच्या कवचात पाव ठेवला, मेणबत्ती लावली आणि ते माझ्या हातात दिलं. दुसऱ्या हातात पाण्याचं मडकं.

"कुणासाठी पाणी वाहिलंस?"

"स्मारांदासाठी."

"साक्षी कोण?"

इथे म्हणायचं असतं : सूर्य, चंद्र आणि हे पाणी. माझ्या तोंडून आलं, "मावशी, पहिल्या दिवसांचं नळाचं होतं. आणि नंतर अर्धं."

बायकांमध्ये कुजबुज झाली. आईनं डोळे मिटले. वेता मावशीनं हात झटकला. "अगं, नदीला काय सांगतेस? ती वरच्या कोळशाच्या खाणींचं पिऊन आलेली आहे, तुझ्या नळाला ती काय नावं ठेवणार! पाणी ते पाणी. साक्षी कोण?"

"सूर्य, चंद्र आणि हे पाणी."

"ज्याला दिलंस त्यानं घेतलं?"

मी सरांकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात काठीवर ठेवले होते.

"प्यायलो," ते म्हणाले.

वेता मावशी थांबली. आई थांबली. पुढे काही आलं नाही. मावशीनं खूण केली, मी मडक्यातलं पाणी नदीत ओतलं आणि कवच सोडलं.

ते निघालं, दहा-बारा हात गेलं आणि वाळुंजाच्या झाडाच्या मुळांशी भोवऱ्यात अडकलं. गोल फिरायला लागलं. मेणबत्ती जळत होती. कुणीतरी म्हणालं, "जात नाहीये." दुसरी म्हणाली, "थांबलीय बाई." मामानं फांदीनं ढकलायचा प्रयत्न केला, फांदी पोचेना. मी आईकडे पाहिलं. असा चेहरा मी पेटी आली तेव्हाही पाहिला नव्हता.

मी बूट काढले. ठरवलं वगैरे नाही. कोट काढला आणि आत गेले.

पाणी किती थंड होतं हे सांगता येणार नाही, कारण तेव्हा कळलं नाही. कमरेपर्यंत चालले, मग तळ गेला. बावीस वर्षं मी पोहले नव्हते. हात आपोआप बाहेर आले. मुळांपर्यंत गेले, कवच दोन बोटांनी सोडवलं आणि पुढे ढकलत ढकलत प्रवाहात आणलं. तिथे ते हललं. मग मी काय करायला हवं होतं? काठाकडे वळायला हवं होतं. वळले नाही. मी त्याच्या पुढे झाले. शेजारच्या पट्ट्यात असावं तशी, एक हात अंतर ठेवून, मागे वळून न बघता पोहत राहिले. मागून ते येत असल्याचं मला कळत होतं. किती गेले माहीत नाही. स्कर्ट पायांत गुंडाळत होता.

मग काठावरून आवाज आला. तसा आवाज बंद तलावात घुमायचा. छताला लागून परत यायचा.

"सशा! पुरे!"

मी हात मारतच होते.

"दोरिना! थांब! तिला पुढे जाऊ दे!"

मी थांबले. पाय खाली सोडले, नुसती तरंगत राहिले. कवच माझ्या कानाजवळून गेलं. मेणबत्तीचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं, बारीक चरचर. मग ते पुढे गेलं, वळणाकडे. ते वेगानं जात नव्हतं आणि हळूही नाही, पाण्याच्याच चालीनं जात होतं.

काठावर सर उभे होते, काठीशिवाय, मामा त्यांना काखेत धरून. ते ओरडले, एकदाच, लांब्या मोजायचे त्याच आवाजात :

"देव तिला क्षमा करो!"

आणि मग खाली मान घालून, पण पाण्यावर आवाज लांब जातो, मला ऐकू आलं : "आणि मला."

आई चिखलात गुडघ्यांवर बसली. बायकांनी मला ओढून बाहेर काढलं, कुणीतरी प्लमची दारू तोंडात ओतली. त्याआधी जमिनीवर थोडी सांडली, गेलेल्यांसाठी. माझे दात वाजत होते. वेता मावशी म्हणाली, "शिकलेली असून काय थाटात पोहते बघ!"

मला काही वाटलं का? प्रामाणिकपणे : थंडी वाजली.


रविवार, ९ ऑक्टोबर

ताप. उजवा खांदा हलत नाही. आई रात्रभर झोपली. दारातून बघितलं, तोंड उघडं, घोरत होती.


मंगळवार, ११ ऑक्टोबर

पहाटे उठले, शेडमध्ये गेले, कावड उचलली, आणि मग आठवलं की संपलं. तरी चालत सरांच्या घरी गेले, हात रिकामे.

ते ओसरीत होते. गुळगुळीत दाढी केलेली, हनुवटीवर कापलेल्या जागी कागदाचा कपटा. डोक्यावर टोपी. टीव्हीवरचं पाकीट फोडलेलं होतं.

"शेवटी वेळ मिळाला तर," मी म्हटलं.

"मिळाला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून काहीतरी म्हणेन. काय ते मला सुचलं नाही.

"बस. आज मी देतो."

ते आत गेले. नळ वाजला. रोज मी भरत असे तेच मडकं काठोकाठ भरून, सांडत सांडत घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. आत तो पोरगा पोहत होता, आवाज बंद.

मी तोंडाला लावलं. वास आला. मात्रा नेहमीचीच होती, सोमवारचा नमुना मीच पाहिला आहे, मर्यादेच्या बराच खाली. तरी डोळे चुरचुरायला लागले, ते थांबेचनात. घोट तोंडातच राहिला.

"सावकाश," सर म्हणाले. टीव्हीकडेच बघत होते. "घाई नाही."